व्यावसायिक दस्तऐवजांचे अंकीकरण : नियोजन व अंदाजपत्रक

व्यावसायिक दस्तऐवजांचे अंकीकरण म्हणजे कारखाने, पेढ्या व कंपन्या यांच्या कागदी नोंदींच्या स्कॅनरद्वारे संगणकीय प्रतिमा तयार करणे आणि सूचीच्या आधारे त्या शोधता येतील अशा रीतीने जतन करणे. स्कॅनरची किंमत हाच मुख्य खर्च, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मोठा वाटा कागदांची पूर्वतयारी आणि सूचीकरण यांचा असतो.

पार्श्वभूमी

अशा नोंदींचे मोल मुंबईत गिरणगावाइतके क्वचितच कोठे जाणवले असेल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर लालबाग, परळ, दादर भागांतील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरे बांधण्याची योजना आली. २०१२ मध्ये म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा आवश्यक होता. हजेरीपट, पगारपत्रक, तिकीट क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीची नोंद यांवर घराचा हक्क ठरू लागला. कंपनी कायदा, २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जपणे बंधनकारक आहे. कामगाराला मात्र आपल्या नावाची गरज तीस-चाळीस वर्षांनीही पडते.

पाहणी व पूर्वतयारी

काय स्कॅन करायचे, याआधी उद्या कोणता प्रश्न विचारला जाईल हे ठरवावे. त्यानंतर दस्तऐवजांची मोजणी करावी. सुटे कागद स्वयंचलित स्कॅनरमधून जातात. शिवलेल्या खतावण्या व मोठ्या आकाराचे हजेरीपट वरून छायाचित्र घेणाऱ्या स्कॅनरवर एकेक पान उलटूनच घ्यावे लागतात. मुंबईच्या दमट हवेत टाचण्या गंजतात, पाने एकमेकांना चिकटतात, वाळवी लागते. ही साफसफाई अंदाजपत्रकात स्वतंत्र धरावी. प्रत्येक प्रकारच्या एकेका गठ्ठ्यावर आधी प्रायोगिक काम करून लागलेला वेळ नोंदवावा. पुरवठादाराने सांगितलेल्या यंत्राच्या वेगापेक्षा हा आकडा अधिक भरवशाचा असतो.

खर्चाचा अंदाज

उदाहरणादाखल, १०,००० पानांचे मासिक हजेरीपट आहेत आणि प्रत्येक पानावर ३० नावे आहेत असे मानू. पानाला १ मिनिट धरल्यास स्कॅनिंगला सुमारे १६७ तास, म्हणजे रोज ६ तासांच्या प्रत्यक्ष कामाने एका माणसाचे २८ दिवस लागतील. परंतु प्रत्येक नाव टंकण्यास अर्धे मिनिट लागले तर एका पानाला १५ मिनिटे आणि एकूण २,५०० तास होतात : सुमारे ४१७ दिवस. या दिवसांना रोजच्या मेहनतान्याने गुणले की मुख्य आकडा हाती येतो.

येथे निवड करावी लागते. वर्षातील एकाच महिन्याच्या पटाची नावे सूचीबद्ध केली तर काम बारापटीने घटून सुमारे ३५ दिवसांवर येते. मात्र त्या महिन्यात काम न मिळालेला बदली कामगार सूचीबाहेर राहतो. म्हणून डिसेंबर १९८१ आणि जानेवारी १९८२ सारखे निर्णायक महिने पूर्ण घ्यावेत. काटकसर इतरत्र करावी. हस्तलिखित नोंदींत संगणकीय अक्षरओळखीवर विसंबता येत नाही. शिवाय पटावरचे इंग्रजी नाव आणि शिधापत्रिकेवरचे मराठी नाव यांत फरक पडतो, म्हणून नावाबरोबर तिकीट क्रमांक व खाते नोंदवणे इष्ट.

साठवणूक ही तुलनेने किरकोळ बाब आहे. ३०० डीपीआयने घेतलेल्या करड्या छटेतील ए-४ पानाची असंपीडित प्रतिमा सुमारे ८.७ मेगाबाइट होते. एक लाख पाने एका टेराबाइटच्या आत मावतात. दोन प्रती मात्र वेगवेगळ्या इमारतींत ठेवाव्यात. दीर्घकालीन जतनासाठी २००५ पासून पीडीएफ/ए हे आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे.

कायदेशीर बाजू

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यादाखल देताना प्रमाणपत्र जोडावे लागते व त्यात फाइलचे हॅश मूल्य द्यावे लागते. हे मूल्य स्कॅनिंगच्या वेळीच काढून ठेवणे सोयीचे. प्रतिमा तपासून झाल्या तरी मूळ हजेरीपट रद्दीत घालू नयेत. अस्पष्ट आलेले एखादे पान पुन्हा पाहण्यासाठी तेच लागतात, आणि प्रतिमेबाबत वाद उद्भवल्यास मूळ कागदच मागितला जाण्याचा संभव असतो.