वसईची घंटा

किल्ला म्हटला म्हणजे तो डोंगरावर असावयाचा, चढतांना धाप लागावयाची आणि माथ्यावर पोंचल्यावर चहूंकडचा मुलूख दिसावयाचा, अशी आपणां देशावरच्या मंडळींची समजूत असते. वसईचा कोट या समजुतींत बसत नाहीं. उल्हास नदीचें पाणी जेथें खाडीच्या रूपानें सागरास मिळतें, तेथें उत्तर तीरावर सपाट जमिनींत तो पसरला आहे. त्याला चढ नाहीं, कडा नाहीं, बालेकिल्ल्याचें उंच टोंक नाहीं. म्हणूनच कीं काय, एक दिवस सवड काढून सहकुटुंब तो पाहून आलेलीं घरें आमच्या ओळखींत फार थोडीं निघालीं. गेल्या हिवाळ्यांत आम्हांला हा योग आला. आणि तेथें आमच्या मातोश्रींच्या तोंडून जें ऐकावयास मिळालें, तें कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकांत सांपडलें नसतें.

मुंबईहून जाणारास वसई रोड स्थानकावर उतरून पुढें बसनें किंवा रिक्षानें कोट गांठतां येतो. परंतु २०२४ सालीं भाईंदर व वसई यांच्या दरम्यान मोटारींसह माणसें वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हां आम्ही पाण्याची वाट पसंत केली. सत्तरी ओलांडलेल्या मातोश्री, आम्ही उभयतां, आमच्या वडील बंधूंचा दहा वर्षांचा मुलगा आणि फराळाचा डबा, असा आमचा संघ होता. खाडींतून पाहतांना झाडीच्या आडून प्रथम काळा तट दिसूं लागतो, आणि ही जागा परक्यांनीं कां निवडली असेल, हें न सांगतां समजतें. ज्यांचें बळ गलबतांत होतें, त्यांना डोंगर नको होता. पाणी हवें होतें.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याजकडून १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांना वसई मिळाली. त्याच तहांत आजची मुंबईहि त्यांच्या हातीं गेली. पुढें सुमारें दोनशें वर्षें वसई ही त्यांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी होती. सुमारें साडेचार किलोमीटर घेराचा तट, एक दरवाजा समुद्राकडे व एक जमिनीकडे, आंत रस्ते, वाडे, इस्पितळ, कचेऱ्या आणि निरनिराळ्या ख्रिस्ती संघांचीं मोठमोठीं प्रार्थनामंदिरें, असें तें एक संपूर्ण शहरच होतें. जुन्या गोव्यांतील प्रसिद्ध बॉम जेझू मंदिराच्या दर्शनी भागाचा काळा दगडहि या वसईच्याच बाजूनें नेलेला. आज त्या शहरांतील बहुतेक इमारतींचीं छपरें गेलीं आहेत. कमानी उभ्या आहेत. कमानींतून आकाश दिसतें आणि भिंतींच्या सांध्यांतून पिंपळ वर आले आहेत.

सेंट जोसेफच्या मंदिराचा मनोरा अद्याप शाबूत आहे, व त्यांत चक्राकार अरुंद जिना आहे. पुतण्या तो चढून गेला आणि वरून ओरडला, "काका, इथं नुसत्या खिडक्याच आहेत. घंटा नाहींच!"

मातोश्री खालीं दगडावर टेंकल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "इथं कशी असेल? ती आमच्या कृष्णाकांठीं आहे."

आमच्या मातोश्रींचें माहेर वाईचें. वाईजवळ मेणवली येथें नाना फडणविसांचा वाडा आहे, आणि वाड्यामागें कृष्णेचा घाट. त्या घाटावर, शंकराच्या देवळाजवळ, एका लहानशा घुमटीखालीं एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिजवर १७०७ हा सनाचा आंकडा आहे, आणि बालकास घेतलेल्या एका मातेची आकृति आहे. ती माता म्हणजे मेरी, आणि बालक येशू. नाशिकास गोदावरीच्या तीरावर नारोशंकराच्या देवळाच्या दर्शनी भिंतींत जी प्रचंड घंटा आहे, तिजवर १७२१ सन आहे. भीमाशंकरासहि अशीच एक आहे. या साऱ्या घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेंतील विजयचिन्हें म्हणून देशावर आल्या, हें पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्यांपैकीं कोणती कोणत्या मनोऱ्यांतली, हें मनोरे सांगत नाहींत.

त्या मोहिमेचें स्मरण कोणत्याहि मराठी माणसास अभिमान वाटावें असेंच आहे. साष्टी-वसईच्या मुलखांत पोर्तुगीज अमलाखालीं हिंदूंच्या धर्माचरणावर कडक निर्बंध होते, देवळें पाडलीं गेलीं होतीं, व तेथील पुढाऱ्यांचीं गाऱ्हाणीं पुण्यास पोंचत होतीं. गंगाजी नाईक अणजूरकर यांचें नांव या कामीं मुख्यत्वें घेतलें जातें. चिमाजीअप्पांनीं १७३९ च्या उन्हाळ्यांत वसईस निकराचा वेढा घातला. समुद्राची व खाडीची बाजू दुर्गम, म्हणून जमिनीकडील तटाखालीं वाळूंत भुयारें खणून सुरुंग पेरण्यांत आले. शत्रूचा मारा अंगावर घेत हें काम करतांना हजारों माणसें पडलीं. किल्ला हातीं येईना तेव्हां, निदान माझें मस्तक तरी तोफेनें आंत उडवा, असें अप्पा म्हणाले, अशी आख्यायिका आहे. अखेर सुरुंगांनीं तटास खिंडार पडलें, आणि मे महिन्याच्या १६ तारखेस किल्लेदारानें तह मान्य केला. वज्रेश्वरीस केलेला नवस फेडण्याकरितां पुढें देवीचें देऊळ बांधण्यांत आलें. कोटांत आज अप्पांचा पुतळा आहे. नागेश्वराचें व वज्रेश्वरीचें देऊळहि आहे. आम्ही दोन्हीं ठिकाणीं दर्शन घेतलें.

परंतु त्या तहाचीं कलमें आपण मुलांना क्वचितच सांगतों. शरण आलेल्या शिबंदीस हत्यारांसह, बायकामुलांसह व सामानासुमानासह सन्मानानें निघून जाण्यास आठ दिवसांची मुदत देण्यांत आली. आणि जे ख्रिस्ती लोक मागें राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यांत आली. इतकीं माणसें गमावून किल्ला घेणाऱ्या सेनापतीनें हें वचन द्यावें, यांत तलवारीपेक्षां मोठें असें कांहीं आहे. आमच्या मतें वसईच्या विजयाचें खरें तेज खिंडाराइतकेंच या कलमांतहि आहे.

दुपारीं फ्रान्सिस्कन संघाच्या मंदिरांत एक लहानसा प्रसंग घडला. तेथील जमिनींत कोरीव अक्षरांच्या शिळा बसविल्या आहेत. त्या थडग्यांवरच्या आहेत हें ध्यानांत न येऊन आमचा पुतण्या एका शिळेवरून दुसरीवर लंगडी घालीत होता. जवळच एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातीस घेऊन उभे होते. ते रागावले नाहींत. "बाळ, इथं माणसं निजलीं आहेत, जरा कडेनं चाल," एवढेंच ते म्हणाले. मुलगा ओशाळला, आम्हीहि ओशाळलों. मग त्या गृहस्थांनींच अक्षरें दाखविलीं. 'ही अमक्याची व त्याच्या वारसांची कबर', अशा अर्थाचा मजकूर कांहीं शिळांवर आहे. वाचून क्षणभर स्तब्ध झालों. आपल्यामागून मुलें, नातवंडें, पतवंडें येथेंच विसांवतील, अशी त्या लोकांची खात्री होती. वारस मात्र एका उन्हाळ्यांत गलबतांत बसून निघून गेले.

ते गृहस्थ वसईचेच, धर्मानें ख्रिस्ती. नातीशीं ते जी बोली बोलत होते ती आम्हांस प्रथम परकी वाटली. कान देऊन ऐकल्यावर शब्दामागून शब्द ओळखीचा निघूं लागला. ती सामवेदी. वसईच्या परिसरांत ही बोली सामवेदी ब्राह्मणांच्या घरांतहि बोलली जाते व सामवेदी ख्रिस्तींच्या घरांतहि. धर्म बदलले, पण माजघरांतली भाषा राहिली. मातोश्रींनीं त्या मुलीच्या हातावर डब्यांतला लाडू ठेवला आणि तिला नांव विचारलें. मग दोन्हीं वृद्धांच्या पावसाच्या, केळीच्या बागांच्या आणि गुडघेदुखीच्या गोष्टी सुरू झाल्या.

वसईच्या या समाजानें मराठीस काय दिलें, हें आपल्या वाचकांस नवें नाहीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच मातींतले. बायबलचें त्यांनीं सुबोध मराठींत रूपांतर केलें. त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस लाभलें. १७३९ मध्यें मागें राहणाऱ्यांना जें वचन दिलें गेलें, त्याचें व्याज मराठी सारस्वतास असें मिळालें, असें म्हटल्यास तें वावगें होऊं नये.

परततांना बोटीची वाट पाहत आम्ही समुद्राकडील दरवाजाच्या सावलींत बसलों. पुतण्यानें विचारलें, "मग काका, हा किल्ला शेवटपर्यंत आपलाच होता ना?"

त्याला सांगणें प्राप्तच होतें. १७८० च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं तो घेतला, सालबाईच्या तहानें परत दिला. आणि १८०२ सालच्या ३१ डिसेंबरास, होळकरांपुढें पुण्याहून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावानें याच वसईंत इंग्रजांशीं तह करून त्यांची तैनाती फौज पदरीं घेतली. जे स्थळ अप्पांनीं हजारोंच्या रक्तानें मिळविलें, त्याच स्थळीं त्यांच्या थोरल्या बंधूच्या नातवानें अवघ्या त्रेसष्ट वर्षांनीं आपलें स्वातंत्र्य कागदावर लिहून दिलें. तट तेच होते; बुरूज तेच होते. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्याच्या पाठ्यपुस्तकांत हे दोन धडे बरीच पानें सोडून येतात; येथें ते एकाच भिंतीला टेंकून उभे होते.

तेव्हां मातोश्रींनीं घंटेची राहिलेली गोष्ट सांगितली. लहानपणीं त्या आपल्या आजीबरोबर मेणवलीच्या घाटावर गेल्या होत्या. घंटेवरची आकृति पाहून त्यांनीं विचारलें, "ही यशोदा का गं?" भोंवतालच्या मोठ्या मुली हंसल्या. आजी सोंवळ्याओंवळ्याची कडक, तिला ती घंटा कोणाची हें पक्कें ठाऊक होतें. तरी ती म्हणाली, "आई आहे, आणि जवळ लेंकरूं आहे. नमस्कार कर."

"मी केला," मातोश्री म्हणाल्या. "आज तिचं माहेर पाहिलं."

वसईस अवश्य जावें, असें आमचें वाचकांस सांगणें आहे. हिवाळ्यांत जावें, पिण्याचें पाणी बरोबर न्यावें, भिंतींवर नांवें कोरूं नयेत व मुलांना कोरूं देऊं नयेत. अप्पांच्या पुतळ्यास वंदन करावें आणि थडग्यांच्या शिळांच्या कडेनें चालावें. आणि पुढें कधीं मेणवलीस किंवा नाशिकास जाणें झालें, तर त्या घंटांपाशीं मुलांना घटकाभर उभें करून त्या कोठून आल्या हें सगळें सांगावें. जिंकल्याचें सांगावें, वचन पाळल्याचें सांगावें, आणि पुढें गमावल्याचेंहि.