मंद सुरांची मात्रा

सकाळी बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यात नजर टाकली, तर बहुतेकांच्या कानात इयरफोन दिसतात. कुणी भजन ऐकते, कुणी जुनी गाणी, कुणी मालिकेचा राहून गेलेला भाग. अलीकडे त्यात आणखी एका प्रकाराची भर पडली आहे. त्यात शब्द नसतात, ठेका नसतो, गुणगुणता येईल अशी चालही नसते. असतात ते नुसते लांबत जाणारे, हळूहळू रंग बदलणारे इलेक्ट्रॉनिक सूर. याला ‘अँबियंट’ म्हणजे भोवतालचे संगीत म्हणतात. ‘गाढ झोपेसाठी’, ‘ताण घालवण्यासाठी’ अशा नावांनी ते मोबाइलवर तासन्‌तास मिळते. त्याचा खरेच उपयोग होतो का आणि ते किती, कसे ऐकावे, हे समजून घेणे आता गरजेचे झाले आहे.

हे परदेशातून आलेले नवे खूळ वाटत असेल, तर ‘द एनआयडी टेप्स’ हा ध्वनिसंग्रह ऐकण्यासारखा आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर बसवण्यात आला. त्यासाठी अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर तेथे आले होते. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तेथे ध्वनींचे अनेक प्रयोग केले. पुढे त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. लंडनचे कलावंत पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचनांचा संग्रह प्रकाशित झाला.

या संग्रहातले सगळेच निवांत नाही. काही रचना तानपुऱ्यासारख्या संथ घुमतात, तर काही ध्वनी करकरीत आहेत, कानाला टोचणारे आहेत. यंत्र एकच, परिणाम मात्र वेगळे. वैद्यकीयदृष्ट्या हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. संगीत इलेक्ट्रॉनिक आहे की शास्त्रीय, यापेक्षा त्याचा वेग किती, आवाज किती मोठा आणि त्यात अचानक चढउतार किती, याकडे शरीर अधिक लक्ष देते.

कान झोपेतही बंद होत नाहीत. आवाजाचा संदेश श्रवणचेतेतून मेंदूच्या देठात पोहोचतो आणि तेथून भीती व सावधपणा सांभाळणाऱ्या केंद्रांपर्यंत जातो. अचानक हॉर्न वाजला की आपल्याला जाग येवो न येवो, नाडीचा वेग वाढतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. घाटकोपरच्या डोक्यावरून उतरणारी विमाने, अंधेरीच्या पुलाखालचे हॉर्न, मुलुंडमधले रात्री चालणारे बांधकाम यांचा त्रास केवळ कानापुरता राहत नाही, तो असा. याउलट एकसंध, संथ, फारसे न बदलणाऱ्या आवाजात मेंदूला सावध होण्याचे कारण सापडत नाही आणि श्वास हळूहळू संथ होतो.

इटलीतील हृदयविज्ञानाचे संशोधक लुचानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हे मोजून पाहिले. २४ जणांना भारतीय राग, विवाल्डी, बीथोव्हेन, टेक्नो, रॅप असे निरनिराळे संगीत ऐकवून त्यांचा श्वास, नाडी आणि रक्तदाब नोंदवण्यात आला. वेगवान संगीताने तिन्ही वाढले. पण सर्वांत लक्षणीय निष्कर्ष वेगळाच होता. मध्येच दोन मिनिटे संगीत थांबवले, तेव्हा नाडी आणि रक्तदाब ऐकण्याआधीच्या पातळीपेक्षाही खाली गेले. संगीताइतकीच त्यानंतरची शांतता कामाची ठरली.

झोपेबाबतचा पुरावाही आशादायक आहे. निद्रानाश असलेल्या प्रौढांवरील १३ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत एकूण १,००७ जण होते. संगीत ऐकणाऱ्यांना आपली झोप सुधारली असे जाणवले. मात्र हा फायदा कोणत्याही एका प्रकारच्या संगीताचा नव्हता. त्यामुळे अमुक हर्ट्‌झचा सूर यकृत बरे करतो, तमुक सूर पेशी दुरुस्त करतो, अशा संदेशांवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. संगीताच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी बंद करू नये. मोठ्याने घोरणे आणि दिवसभर पेंग येणे हे झोपेत श्वास अडखळण्याचे लक्षण असू शकते. त्याला तपासणीच हवी.

आता मात्रेचा प्रश्न. संगीतात मात्रा असते आणि औषधातही. मंद संगीताची मोठी अडचण लोकलच्या डब्यात कळते. ते इतके नाजूक असते की गाडीचा खडखडाट, पंख्यांची घरघर आणि उद्घोषणा यांत सहज बुडून जाते. मग ते ऐकू यावे म्हणून आवाज वाढवला जातो. जे संगीत ताण उतरवण्यासाठी लावले, तेच कानांवर ताण टाकू लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. ९० डेसिबलला ही मर्यादा सुमारे चार तासांवर येते आणि १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटांवर. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नाही. दर तीन डेसिबलमागे आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी जन्मतःच मोजक्या असतात. प्रत्येक कानात त्या साधारण १५ हजार. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. नुकसान कळतही नाही, कारण सुरुवातीला जातात ते उंच स्वर. माणसे बोलताना ऐकू येतात, पण गर्दीत शब्द नीट कळत नाहीत, आणि घरचे म्हणू लागतात, ‘टीव्ही केवढ्याने लावता!’

म्हणून साधा नियम असा. इयरफोन घातलेला असताना हातभर अंतरावरच्या माणसाचे नेहमीच्या आवाजातले बोलणे ऐकू आलेच पाहिजे. लोकलमध्ये हे जमत नसेल, तर तेवढा प्रवास कानांना सुट्टी द्यावी. बाहेरचा गोंगाट कमी करणारे हेडफोन डब्यात उपयोगी पडतात, कारण आवाज वाढवावा लागत नाही. पण फलाटावर आणि रस्त्यावर ते काढूनच ठेवावेत. घरी झोपताना इयरफोनऐवजी खोलीत जरा दूर ठेवलेला छोटा स्पीकर बरा. आवाज पंख्याच्या आवाजाच्या जेमतेम वर असावा आणि अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप बंद होईल अशी वेळ लावावी. बाळाच्या पाळण्यात मोबाइल ठेवून असे आवाज रात्रभर लावू नयेत.

काहींना मात्र शांतता झाली की कानात बारीक सूर ऐकू येतो आणि ते घाबरतात. त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या, तेव्हा त्यांनी जॉन केज या संगीतकाराकडे पाश्चात्त्य संगीत शिकले आणि त्यांना भारतीय संगीत शिकवले. मन शांत करणे हे संगीताचे प्रयोजन, हा विचार केज यांना त्यांच्याकडून मिळाला. पुढे केज हार्वर्ड विद्यापीठातील ध्वनिरोधक खोलीत गेले. तेथे पूर्ण शांतता असेल असे त्यांना वाटले होते, पण दोन सूर ऐकू आले, एक उंच आणि एक खालचा. उंच सूर चेतासंस्थेचा आणि खालचा रक्ताभिसरणाचा, असे त्यांना सांगण्यात आले. आजच्या ज्ञानानुसार तो उंच सूर कर्णनादाचा असण्याची शक्यता जास्त. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऐकणे चांगले असलेल्या ८० प्रौढांना अशाच खोलीत बसवले, तेव्हा ९४ टक्के लोकांना कुठला ना कुठला आवाज ऐकू आला. त्यामुळे रात्रीच्या शांततेतला हलका सूर हा बहुधा आजार नसतो, आणि मंद संगीताने तो सहज झाकला जातो.

पण आवाज एकाच कानात सतत येत असेल, नाडीच्या ठेक्यावर धडधडत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले तर ‘मळ असेल’ म्हणून थांबू नये, त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. मज्जातंतूच्या अशा बहिरेपणात उपचार जितके लवकर सुरू होतात तितकी ऐकणे परत येण्याची शक्यता जास्त असते.

निवासी भागात रात्री आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. उपनगरातल्या किती खिडक्यांबाहेर ती पाळली जाते, हे तिथल्या रहिवाशांनाच विचारावे. त्या गोंगाटावर आणखी मोठ्या आवाजाचे पांघरूण घालणे हा उपाय नव्हे. मंद सूर ऐकायचे तर मंदच ऐकावेत आणि ते संपल्यावर दोन मिनिटे काहीच लावू नये. मात्रेचा तोही भागच आहे.