'सुपरहिट १५०' घ्यायचं की नाही? पैसे देण्याआधी काय बघाल

आजचा भाग गाण्यांच्या कलेक्शनवर आहे, आणि सुरुवात माझ्याच फजितीने.

जानेवारीत म्हशाच्या जत्रेला गेलो होतो. मुरबाड तालुक्यातली ही जत्रा बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध. बाबांना घोंगडी घेतली, आणि जवळच्या एका स्टॉलवर पेन ड्राइव्ह दिसला. प्रल्हाद शिंदेंची १५० सुपरहिट गाणी, फक्त ३०० रुपये! बाबांच्या कॅसेट कधीच खराब झाल्या होत्या. म्हटलं, खूश होतील.

शहापूरला घरी येऊन स्पीकरला लावला. पहिल्याच गाण्याला बाबा म्हणाले, "अरे, हा त्यांचा आवाज नाही." पुढची चार संध्याकाळ त्यांनी सगळी गाणी ऐकली. मूळ आवाजातली निघाली १२. म्हणजे मला दोन रुपयांना वाटलेलं गाणं पडलं २५ रुपयांना. ऑफिसमध्ये टेस्ट केल्याशिवाय कोड पुढे जाऊ देत नाही मी, आणि इथे नुसता फोटो बघून पैसे दिले.

तर आता मी काय बघतो, ते सांगतो.

पहिलं, गाण्यांची यादी उघडायच्या आधी आपली यादी लिहा. हवीच अशी पाच गाणी. आधी त्यांची यादी वाचली, की "हे पण चांगलंय, ते पण चालेल" असं होतं आणि हवं ते राहूनच जातं.

दुसरं, नसलेलं गाणं का नाही, ते बघा. ईगल्स या अमेरिकन बँडचं पहिलं ग्रेटेस्ट हिट्स १९७६ च्या फेब्रुवारीत आलं. २०१८ मध्ये त्याने अमेरिकेतल्या खपात मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'ला मागे टाकलं. पण त्यात 'हॉटेल कॅलिफोर्निया' नाही, कारण ते आलंच त्या वर्षाच्या शेवटी, डिसेंबरमध्ये! कधी कधी कारण हक्कांचं असतं. गाणं दुसऱ्या कंपनीकडे असलं, तर या कंपनीच्या कलेक्शनमध्ये सहसा येत नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, रेकॉर्डिंग कोणतं आहे? 'ट्रिब्यूट', 'रिमिक्स', 'नव्या आवाजात' असे शब्द बारीक अक्षरात असतात. गायकाचं नाव प्रत्येक गाण्यासमोर आहे का बघा, फक्त कव्हरवर असून उपयोग नाही. गाण्याची लांबी माहीत असलेल्या मूळ गाण्याशी ताडून बघा. मिनिटाभराचा फरक असेल, तर शंका घ्या.

पण वेगळं रेकॉर्डिंग म्हणजे नकलीच, असंही नाही. गीतरामायण घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ५६ गाणी प्रसारित झाली, तेव्हा माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे आवाज होते. पुढे एचएमव्हीने काढलेल्या रेकॉर्डच्या संचात सगळी गाणी सुधीर फडक्यांच्या आवाजात आहेत. दोन्ही अस्सलच. पण तुमच्या आजीच्या कानात रेडिओवरचा आवाज असेल, तर तो संच तिला वेगळाच वाटणार.

चौथं, भागाकार करा. किंमत भागिले एकूण गाणी नाही, तर किंमत भागिले तुम्ही खरंच ऐकाल ती गाणी.

तुम्ही म्हणाल, प्लेलिस्ट फुकट बनते की, विकत कशाला? बरोबर आहे, स्वतःसाठी मीही तेच करतो. पण आसनगावहून कसाऱ्याकडे जाताना माझं गाणं मध्येच अडकतं. मुरबाडहून टोकावड्याच्या पुढे माळशेजकडे गेलो की तेच. आणि बाबांना ॲप नको असतं, बटण हवं असतं. अशा वेळी चांगलं निवडलेलं कलेक्शन पैसे वसूल करतं.

शेवटी बाबांनाच पाच गाणी विचारली. त्यांनी एका पाकिटामागे लिहून दिली. ती घेऊन मी एका म्युझिक कंपनीच्या कलेक्शनची यादी तपासली. चार सापडली, मूळ आवाजात. घेतलं. आता संध्याकाळी ओटीवर तेच चालू असतं.

पाचवं अजून शोधतोय. पाकीट माझ्या बॅगेतच आहे.

तुमच्या घरच्यांनाही त्यांची पाच गाणी विचारून ठेवा. भेटू पुढच्या भागात.