जुन्या मोटारीचा गंज : पुट्टी नको, पत्रा हवा

मोहाडी (जि. भंडारा) : आमच्या भागात पावसाळा जोरदार असतो. धानाच्या बांध्या पाण्याने भरल्या की रस्त्यांवरही चिखल होतो आणि तो चिखल मोटारीच्या पोटाला चिकटून बसतो. कापड, किराणा, भांडी यांचा व्यापार करणाऱ्यांनी आठवडी बाजारांसाठी एकेकाळी ॲम्बेसेडर, फियाट आणि जीप खूप पळवल्या. पुढे नव्या गाड्या आल्या आणि जुन्या गाड्या पडवीत किंवा गोदामाच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. आता घरातील तरुण मुले म्हणतात, आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणू. इंजिन सुरू करणे फारसे अवघड नसते, रंग तर आठ दिवसांत होतो. खरा प्रश्न असतो तो खालच्या पत्र्याचा. तेथे मालकाचे पैसे बुडतात, कारागिराचे नाव जाते आणि प्रसंगी गाडीत बसणाऱ्याचा जीवही जातो. म्हणून या विषयावर व्यापारी व कारागीर बंधूंशी थोडे बोलायचे आहे.

सांगाडा कोठे आहे?

जीप किंवा ट्रक यांना खाली लोखंडी चेसीस असते. वरचा पत्रा सडला तरी वजन पेलणारा सांगाडा वेगळा असतो. ॲम्बेसेडर आणि फियाट यांचे तसे नाही. या गाड्यांना वेगळी चेसीस नाही. तळाचा फ्लोअर, दोन्ही बाजूंना दरवाजाखाली असणारी पोकळ पेटी, दरवाजाचे पिलर आणि छप्पर हे सर्व मिळून सांगाडा तयार होतो. पत्रा हाच गाडीचा हाडांचा सापळा आहे.

ॲम्बेसेडर ही मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली गाडी. हिंदुस्तान मोटर्सच्या बंगालमधील उत्तरपाडा कारखान्यात ती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनली. फियाट ११०० डिलाइट ही प्रीमियर कंपनी मुंबईत कुर्ल्याला १९६४ पासून बनवू लागली. १९७० च्या दशकात तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच गाडी. तेथील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीसाठी २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली.

म्हणजे आज हाती असलेली प्रत्येक पद्मिनी वीस वर्षांहून जुनी आहे आणि अनेक ॲम्बेसेडर तर तीस-चाळीस वर्षांच्या आहेत. पायाखालच्या गालिच्यात व त्याखालच्या नमद्यात पाणी मुरते. दरवाजाखालच्या पेटीत पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके चिखलाने बुजतात. मग पत्रा आतून सडत येतो आणि बाहेरच्या रंगाला फुगे येईपर्यंत आतला भाग निम्मा संपलेला असतो. ओलसर गोदामात कापडाची गाठ खालून कुजते आणि वरचा थान कोरा दिसतो, तसाच हा प्रकार.

पुट्टीखाली लपलेला ऐब

सडलेल्या पेटीवर पातळ पत्रा चिकटवायचा, भोकात जाळी किंवा कापडाचा बोळा भरायचा, त्यावर पुट्टी लावून घासायची आणि रंग मारायचा, हा धंदा सगळीकडे चालतो. गाडी नव्यासारखी दिसते. एक-दोन पावसाळ्यांत फुगे परत येतात. तोवर गाडी तिसऱ्याच माणसाला विकलेली असते. अशा गाडीला बाजूने धडक बसली तर पेटी कागदासारखी दुमडते. जॅक लावला तर तो फ्लोअरमधून वर येतो. पेटी बसली की पिलर खाली वाकतो आणि दरवाजा अडकतो.

मदीनेच्या बाजारात प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. माल पावसाने भिजला, असे व्यापाऱ्याने सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याला आपल्यातला मानण्यास नकार दिला. पुट्टीखालचा गंज ही तीच ओल आहे. मालातील ऐब लपवला असेल तर माल परत करण्याचा हक्क शरीयत गिऱ्हाइकाला देते. फिकहमध्ये त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. विकणाऱ्याने आणि दुरुस्त करणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे.

घेण्यापूर्वीची परीक्षा

जुनी गाडी घेताना खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावा. तो रुमालात गुंडाळून दरवाजाखालची पेटी, चाकावरची कमान आणि डिकीचा तळ यांवर फिरवावा. पत्र्यावर तो चिकटतो, जाड पुट्टीवर सुटतो. नंतर गालिचा उचलून फ्लोअरवर हातोडीच्या दांड्याने ठोकावे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द आवाज करतो. दरवाजा उघडताना तो खाली येतो का आणि बंद करताना उचलावा लागतो का, ते पाहावे. बिजागरी चांगली असूनही तसे होत असेल तर पिलरच्या बुडाशी गंज आहे असे समजावे.

काम कसे झाले पाहिजे

चांगला डेंटर कापण्याआधी मोजतो. पुढच्या पिलरपासून मागच्या पिलरपर्यंतचे अंतर आणि दरवाजाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून वहीत लिहून ठेवतो. गाडी सपाट जागेवर, चाकांच्या आधाराजवळ मजबूत घोड्यांवर ठेवतो. मग दरवाजाच्या चौकटीत लोखंडी अँगल किंवा चौकोनी पाइप आडवे-तिरपे टाकून तात्पुरते जोडतो, म्हणजे खालची पेटी कापल्यावर गाडी मध्ये वाकत नाही. दोन्ही बाजूंच्या पेट्या एकाच वेळी कधीही कापू नयेत. एक बाजू पूर्ण करून, दरवाजा लावून, फटी सारख्या आहेत याची खात्री झाल्यावरच दुसरी घ्यावी.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढावी, पेट्रोलची टाकी उतरवून दूर न्यावी, आतील गालिचा व गाद्या बाहेर काढाव्यात. हे काम घाईत टाळले जाते आणि त्यातूनच गॅरेजमध्ये आगी लागतात.

गंज जेथे दिसतो तेथे थांबून चालत नाही. चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापावे. रफूगार फाटलेल्या जागेच्या भोवती मजबूत ताणा-बाणा शोधतो आणि तेथून धागा घेतो, कारण कुजलेल्या कपड्यावर रफू टिकत नाही. पत्र्याचेही तेच आहे. सडक्या कडेला केलेले वेल्डिंग पत्रा जाळते आणि शेजारी नवे भोक पाडते.

नवा पत्रा मूळ जाडीचा हवा. पेटी व फ्लोअर यांसाठी साधारण १८ ते २० गेज, म्हणजे १.२ ते ०.९ मिलिमीटरचा सी.आर. पत्रा योग्य. २२ गेजचा पत्रा वाकवायला सोपा असतो, पण वजनाच्या जागी तो लावू नये. जस्त चढवलेला जी.आय. पत्रा वापरला तर जोडाच्या जागचे जस्त आधी घासून काढावे आणि मोकळ्या हवेत काम करावे. जळत्या जस्ताच्या धुराने कारागिराला थंडीताप येतो.

कारखान्यात हे भाग स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. गॅरेजमध्ये वरच्या पत्र्याला पाच-सहा मिलिमीटरची भोके पाडून, ती खालच्या पत्र्याशी सी.ओ.टू वेल्डिंगने भरून घेतली की तसाच मजबूत जोड मिळतो. लांब जोड असेल तर येथे एक टाका, तेथे एक टाका असे पुढे जावे. एका दमात पट्टी ओढली की पत्रा तापून पिळतो. गॅस वेल्डिंगने पत्रा जास्त तापतो, म्हणून या कामाला ते गैरसोयीचे. शेवटी जोडावर जस्ताचा प्रायमर लावावा, फटीत सीलर भरावा, पेटीच्या आत मेण किंवा गंजरोधक तेल फवारावे आणि पाण्याची भोके उघडी ठेवावीत. ही भोके बुजवली तर सगळी मेहनत वाया जाते.

परदेशातील धंदा आणि आपली संधी

अमेरिकेत १९६४ साली निघालेल्या फोर्ड मस्टँगसारख्या दणकट इंजिनांच्या गाड्यांचे शौकीन आजही आहेत. त्या गाडीलाही वेगळी चेसीस नाही आणि तिचा फ्लोअरही असाच सडतो. पण तेथे फ्लोअर, पेटी, कमान असे भाग तयार मिळतात, ते बनवणारे कारखाने त्यावर चालतात. इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ साली एम.जी.बी. गाडीचा संपूर्ण सांगाडा पुन्हा बनवून विकायला सुरुवात केली.

आपल्याकडे जुना भाग भंगार बाजारातून शोधावा लागतो किंवा हाताने ठोकून बनवावा लागतो. ही अडचण म्हणजेच आपल्या कारागिरांची संधी आहे. डेंटिंग, वेल्डिंग, पत्राकाम यांत आपल्या समाजातील कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पेटी वाकवण्याचा एक चांगला साचा बनवला तर तो प्रत्येक पद्मिनीला चालतो. भाग तयार करून इतर गॅरेजांना विकता येतात. मात्र दूर गावचे गिऱ्हाईक आपली गाडी महिनाभर सोडून जाते ते केवळ विश्वासावर. ती गाडी आपल्याकडे अमानत असते.

कागद आणि हिशोब

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. १५ वर्षांवरील मोटारीसाठी ही फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी १०,००० रुपये करण्यात आली. तपासणीत गाडी नापास झाली तर रंगाचा खर्चही वाया जातो. ५० वर्षांवरील गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. तिची फी २०,००० रुपये आहे. पण गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसीस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा अशी अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणून मूळ आकाराचाच भाग बसवावा आणि कामाआधीचे, काम चालू असतानाचे व नंतरचे फोटो जपून ठेवावेत. चेसीस नंबर कोरलेल्या पत्र्याला भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयात विचारल्याशिवाय हात लावू नये.

मालकाने आणि कारागिराने काम सुरू होण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : कोणकोणते भाग कापायचे, कोणत्या गेजचा पत्रा लावायचा, मजुरी किती आणि पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे. गालिचा काढल्यावर आणखी गंज निघाला तर मालकाला बोलावून दाखवावा आणि वाढीव मजुरी ठरवूनच पुढे जावे. रंगाआधी मालकाने एकदा येऊन उघडा जोड पाहावा. इमानदार कारागिराला त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. उलट उघडा जोड दाखवणाऱ्या गॅरेजचे नाव एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते. मालकांनीही पत्र्याच्या कामाची मजुरी रंगकामाच्या भावाने मोजू नये. स्वस्तात काम मागणारा गिऱ्हाईकच कारागिराला पुट्टीकडे ढकलतो. योग्य मजुरी वेळेवर द्यावी, काम तपासून घ्यावे. अशा हलाल कमाईत अल्लाह बरकत देवो.