चाकांवरचा बैल आणि बोजाऱ्याचा फंडा

विदर्भातल्या पोरांचा स्वतःचा सण म्हणजे तान्हा पोळा. संस्कृतीचे धडे न देता संस्कृती शिकवणारा हा खेळ तुमच्या फ्लॅटमध्येही मस्त रंगू शकतो. फक्त त्यातली खरी गंमत हरवू देऊ नका!

पुण्यात राहणाऱ्या माझ्या दादाने गेल्या वर्षी पाच वर्षांच्या लेकासाठी ऑनलाइन लाकडी बैल मागवला. बॉक्स उघडला, चाकांवरचा देखणा बैल बाहेर आला आणि आमच्या चिरंजीवांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘आत्या, याचं चार्जिंग कुठे करायचं?’

सगळे खो-खो हसलो. हसून झाल्यावर मात्र लक्षात आलं, की आपण बैल त्याच्या हातात दिला, पण त्याच्याशी खेळायचं काय, हे सांगितलंच नाही.

पोळा मोठ्यांचा, पोळा छोट्यांचा

आम्ही मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. कापसाचा मुलूख, त्यामुळे आमच्याकडे दिवाळीइतकाच पोळाही मोठा. श्रावण अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप लावून शेकायचं आणि उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतण द्यायचं. पोळ्याच्या दिवशी कामाला पूर्ण सुट्टी. अंघोळ, रंगवलेली शिंगं, झूल, घुंगरमाळा असा थाट. गावाच्या आखरावर तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात आणि तोरण तुटलं की पोळा ‘फुटतो’. मग घरोघरी ओवाळणं आणि पुरणपोळी. बैल घेऊन येणाऱ्याच्या हातावर बोजारा ठेवायचा, म्हणजे पैसे किंवा एखादी भेट.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, हेच सगळं पोरं करतात आणि तोच तान्हा पोळा. बैल लाकडाचा, पायाला चाकं, गळ्यात दोरी. तो सजवायचा, तोरणाखाली उभा करायचा आणि मग दारोदार नेऊन बोजारा गोळा करायचा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली, असं सांगितलं जातं. मुलांनी बैलाचं मोल ओळखावं, हा त्यामागचा साधासोपा विचार. ना लेक्चर, ना पाठांतर. शंकराचा नंदी आणि घरचा बैल एकाच खेळण्यातून मुलाच्या ओळखीचे होतात.

आमचा २००६ चा पोळा

या खेळाची ताकद मला कळली ती आठ वर्षांची असताना. २००६ चं साल होतं. त्याच जुलैत पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं आणि यवतमाळ त्यात होतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोजच्या झाल्या होत्या. आमच्या घरी गोष्ट तिथवर गेली नाही, पण खत-बियाण्याची उधारी फेडायला बाबांनी बैलजोडी विकली होती. पोळ्याला गोठा रिकामा. त्या दिवशी आईने पुरण शिजवलं, पण बाबा काही जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी हटून बसले. ‘गोठ्यात बैल नाई, मंग मी कायले जाऊ?’

आबाजी काही न बोलता आत गेले आणि जोडीची घुंगरमाळ घेऊन आले. बैल गेले तरी ती त्यांनी दिली नव्हती. माझा सागवानी बैल तिच्या मानाने एवढुसा! तीन वेढे दिले तेव्हा कुठे ती गळ्यात बसली. मग म्हणाले, ‘अवं पोरी, बैल इकला. पोळा थोडीच इकला?’

त्या दिवशी मी गावभर फिरले. घुंगरांचा आवाज ऐकून माणसं बाहेर येत होती. एका काकूंनी माझ्या बैलाला ओवाळलं आणि बोजारा देताना बजावलं, ‘हे बैलाले पोसाचे पैसे हायत, चाकलेटचे नाई.’ संध्याकाळी सगळी चिल्लर मी बाबांच्या हातावर ठेवली. पुन्हा जोडी घ्यायला ती पुरणार नव्हती, हे मलाही कळत होतं. पण बाबा त्या रात्री जेवले.

बक्षीस की बोजारा?

आता शहरांमध्ये तान्ह्या पोळ्याच्या सजावट स्पर्धा होतात. सर्वात मोठा नंदी, सर्वात भारी ड्रेस, पहिलं बक्षीस! मजा येते, नाही असं नाही. पण बैल बाबांनी विकत आणला, सजवला आईने आणि पोरगं फोटोपुरतं उभं राहिलं, तर त्याला काय मिळालं? बक्षीस दुसऱ्याला हरवून मिळतं. बोजारा मिळतो तो कुणाची तरी निगा राखल्याबद्दल. हा फरक पाच वर्षांच्या मुलालाही कळतो.

आणि हे आता जास्त गरजेचं आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशी गुरांची संख्या २०१२ च्या तुलनेत ६ टक्क्यांनी घटलेली दिसली. ट्रॅक्टर आलाय, चाराही महागलाय. खेड्यातल्या काही घरांतही आता लाकडाचाच बैल उरलाय.

घरच्या घरी तान्हा पोळा

• पोळ्याच्या संध्याकाळी वाटीत हळद-तूप द्या. जू कुठे टेकतं ते दाखवा आणि तिथे मुलालाच लावू द्या.

• रेडीमेड सजावट नको. जुन्या ओढणीची झूल आणि तुटक्या पैंजणाची घुंगरं झकास दिसतात.

• बैलाचं नाव मुलानेच ठेवायचं.

• नैवेद्य आधी बैलाला, मग आपल्याला. पोरं इथे कुरकुरतात, पण खरा धडा इथेच आहे!

• सोसायटीत चार घरी आधीच सांगून ठेवा. बोजारा देण्याआधी मुलाला एकच प्रश्न विचारायचा, ‘बैलासाठी आज काय केलंस?’

• एखाद्या वीकएण्डला खरा बैल दाखवून आणा. लांबूनच, पण दाखवा.

आमच्या चिरंजीवांनी शेवटी बैलाचं नाव ठेवलं ‘ढवळ्या’. रात्री झोपताना त्याच्यापुढे पाण्याची वाटी ठेवली आणि मला दटावलं, ‘आत्या, लाइट बंद कर. तो दमलाय.’

चार्जिंगचा प्रश्न सुटला होता.