असं का होतं? : मऊ पिसाला ट्राउट का भुलतो?

कोंबडीचं पीस पाण्यात हलवलं की त्याचे तंतू लवतात. कोंबड्याच्या मानेचं टोकदार पीस मात्र ताठ राहतं. इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये ट्राउट माशासाठी गळावर नकली माशी बांधणारे हाच फरक हेरतात.

ताठ तंतू पाण्याच्या पृष्ठताणावर टेकतात आणि माशी तरंगते. मऊ पिसाच्या तंतूंवर बारीक उपतंतूंची दाटी असते. ते पाणी धरून ठेवतात, म्हणून माशी पृष्ठभागाखाली उतरते. तिथे प्रवाहाचा जोर वाढला की तंतू मागे मिटतात, ओसरला की छत्रीसारखे पुन्हा उघडतात. तळातून वर येणाऱ्या कीटकाचे पायही असेच हलतात, म्हणून ट्राउटला ही माशी जिवंत वाटते.

पीस निवडताना तंतू साधारण गळाच्या बाकापर्यंत पोहोचतील एवढे लांब हवेत. मधला दांडा बारीक असावा, म्हणजे तो न मोडता वळतो. गळाभोवती पिसाचे वेढे एक-दोनच द्यावेत. गर्दी झाली की तंतूंची हालचाल अडते. करड्या तित्तिराचं ठिपकेदार पीस यासाठी उत्तम. नारिंगी रेशमावर ते गुंडाळलेली माशी टी. ई. प्रिट यांच्या १८८५ च्या पुस्तकातही आहे. संथ पाण्यात अगदी मऊ पीस वापरावं. वेगवान ओढ्यात ते गळाच्या आडव्या दांडीला चिकटून बसतं, तिथे थोडं ताठ पीसच हवं.