साडेतीन किलोच्या आत

रत्नागिरीत माळनाक्यालगतच्या एका घरात चिंगी नावाचं सहा महिन्यांचं पॉमेरियन पिल्लू आहे. ओटीवरून मागीलदारी धावताना ते मधेच मागचा उजवा पाय उचलतं, तीन पायांवर दोन-चार उड्या मारतं, पाय मागे झटकतं आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चौखूर सुटतं. पोरांना मजा वाटे. ‘आमची चिंगी लंगडी घालते’ म्हणून पाहुण्यांसमोर तिला मुद्दाम पळवत. घरातल्या काकूंना मात्र तो झटका खटकला.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी बोटंच वापरली. चिंगीच्या गुडघ्यावर अंगठा ठेवून पाय हलकेच सरळ केला, पंजा आत वळवला. ‘काकू, इथं हात लावून बघा.’ काकूंच्या बोटाखाली वाटाण्याएवढं काहीतरी आतल्या बाजूला घसरलं आणि टक्कन जागेवर आलं. ती गुडघ्याची वाटी. मांडीच्या हाडावरची खोबण उथळ असली किंवा पायाची ठेवण जन्मतःच थोडी वाकडी असली, की ती खोबणीत टिकत नाही. पाय झटकला जातो तो वाटी परत बसवण्यासाठी.

डॉक्टर याच्या चार पायऱ्या सांगतात. पहिलीत वाटी दाबली तरच सरकते, दुसरीत अधूनमधून आपली आपण. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, पण बोटाने आत ढकलता येते आणि चौथीत तीही सोय उरत नाही. चिंगी दुसरीत. ‘ऑपरेशनचं नंतर बघू. वजन साडेतीन किलोच्या वर जाता कामा नये,’ डॉक्टर म्हणाले. हा आकडा आता घरात देवाच्या नावासारखा घेतला जातो.

वजनाची पद्धत सोपी. काकू आधी एकट्या काट्यावर उभ्या राहतात, मग चिंगीला घेऊन, आणि वजाबाकी कॅलेंडरवर लिहितात. खरी लढाई जेवणाच्या वेळी होते. आजोबांच्या ताटाखालून भाकरीचा तुकडा सरकतो, नातू नारळाची कातळी पुढे करतो. ‘साडेतीन!’ काकू स्वयंपाकघरातूनच ओरडतात. आजोबा ऐकू न आल्यासारखं करतात. ते त्यांना छान जमतं. एकदा चिंगी फारच लंगडली तेव्हा घरातलीच अंगदुखीची गोळी चुरून द्यायला कुणीतरी निघालं होतं. काकूंनी हात धरला हे बरं झालं. आयब्युप्रोफेनसारखं माणसाचं औषध कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं.

दुसरं दुखणं जमिनीचं. पूर्वी इथं शेणाने सारवलेली जमीन होती, पंजा रुतून राहायचा. मुंबईच्या दिराने हौसेने चकचकीत टाइल्स बसवून दिल्या, आणि चिंगीही त्यानेच पाठवली! पावसाळ्यात ओल्या टाइल्सवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात. आता ओटीपासून माजघरापर्यंत काथ्याच्या चटया आहेत, पंज्यांमधले केस आणि नखं कापलेली असतात, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा आहे. झोपाळ्यावर चढायला बंदी, जांभ्याच्या पायऱ्यांवर फळी आडवी. ‘चिंगे, खाली!’ दिवसभर चालूच. या सगळ्याला बिल नाही, म्हणून उपचार म्हणून त्याची गणतीही होत नाही. खरं तर चिंगीचा निम्मा इलाज हाच आहे.

पाय बिघडलाच, तर शस्त्रक्रियेत खोबण खोल करतात, नडगीच्या हाडाचा उंचवटा कापून बाजूला सरकवतात आणि पिनेने बसवतात; पुढे कित्येक आठवडे पिल्लाला जखडून ठेवायचं. त्यासाठी लोक मुंबईकडे बघतात, म्हणजे परळचं १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, किंवा महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं रुग्णालय. पाय अवघडलेल्या पिल्लाला घेऊन साधारण साडेतीनशे किलोमीटर.

या दुखण्यात जातीचाही वाटा असतो. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून ओळखली जाणारी पुष्कळ कुत्री प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ असतात. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी त्यातलाच. चिंगी खरी, चिमुकल्या चणीची. इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरच्या २०१६ च्या अभ्यासात संकरित कुत्र्यांच्या मानाने पॉमेरियनमध्ये वाटी सरकण्याच्या विकाराची शक्यता सुमारे साडेसहा पट दिसली. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने नोंदणी करायची असते, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नसतं. दिराला विक्रेत्याने फोनवर फोटो दाखवला, लोकरीचा गोळा दाखवला. आईबापांच्या गुडघ्यांचं विक्रेत्याने सांगितलं नाही, दिरानेही विचारलं नाही.

हा दोष आनुवंशिक असू शकतो, म्हणून चिंगीची वीण घेऊ नका, नसबंदी करा, असं डॉक्टरांनी बजावलंय. शेजारच्या वहिनींनी मात्र पहिल्या वेताची मागणी आधीच नोंदवून ठेवली होती.

‘एक मादी आम्हाला हो, काकू.’

‘पिल्लं होणार नाहीत,’ काकू म्हणाल्या. ‘आणि हिला ते बिस्किट देऊ नकोस. आज तीन किलो चारशे भरलीय.’